'ढ' कोण ठरवतं?

गेल्या जयंतीच्या मिरवणुकीत डीजे सुरू झाला आणि आमच्या वस्तीतला दहा वर्षांचा एक मुलगा कान दाबून रस्त्यातच आडवा पडला. "वेडं आहे ते, घरी न्या," असं म्हणणारे आम्ही कार्यकर्तेच होतो. शाळेत त्याला 'ढ' म्हणतात. दोन शिक्के बसले, तपासणी मात्र एकदाही झाली नाही.

मित्रांनो, या शिक्क्यांना इतिहास आहे. १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी एक चाचणी तयार केली. कोणत्या मुलाला शिकताना जादा मदत लागेल ते ओळखायचं, एवढाच हेतू. बुद्धी जन्मतःच कायमची ठरलेली असते, हे बिनेंना मान्य नव्हतं. पण चाचणी अमेरिकेत गेली आणि हेन्री गोडार्ड यांच्यासारख्यांनी तिच्यावरून माणसांची उतरंड लावली. जन्मावरून पायरी ठरवण्याची ही रीत आपल्याला सांगायला नको! पुढे व्ही. व्ही. कामत यांनी ती मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतली. 'बिने-कामत' हे नाव आपल्याकडच्या तपासणी अहवालांत दिसतं ते त्यामुळे.

लंडनचं प्रकरण तर प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावं. १९६० च्या दशकात कॅरिबियन बेटांवरून आलेल्या कुटुंबांची मुलं 'मंद' ठरवून वेगळ्या शाळांत धाडली जात होती, तीही लोकसंख्येतल्या प्रमाणापेक्षा कितीतरी जास्त. मूळचे ग्रेनाडाचे शिक्षक बर्नार्ड कोर्ड यांनी १९७१ मध्ये पुस्तिका लिहून हे चव्हाट्यावर आणलं. चाचणीची भाषा परकी, शिक्षकांची अपेक्षा आधीच कमी, आणि त्या शाळेत गेलेलं मूल मागेच राहतं, हा त्यांचा मुद्दा. काळ्या पालकांनी शनिवारच्या शाळा चालवल्या, लढे दिले. १९८१ च्या कायद्याने ती वर्गवारीच गेली.

आपल्याकडे उलटं घडतं. तिथे नको त्यांना शिक्का मारला, इथे गरज असलेल्यांना निदानच मिळत नाही. १९९५ च्या अपंग कायद्यात स्वमग्नता नव्हती, अध्ययन अक्षमताही नव्हती. २०१६ च्या कायद्यात दोन्ही आल्या. पण सुखवस्तू घरातलं मूल अक्षरं उलटी लिहितं तेव्हा 'डिस्लेक्सिया' हा शब्द येतो, बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो. वस्तीतलं मूल तेच करतं तेव्हा "यांच्यात डोकंच नसतं" हे ऐकू येतं. हा फक्त पैशाचा प्रश्न आहे असं मला वाटत नाही. ज्याच्याकडून अपेक्षाच नाही, त्याचं मागे पडणं कुणाला खटकत नाही. खटकलंच नाही तर तपासणी करा असं कोण सांगणार?

त्या मुलाची आई दोनदा मजुरी बुडवून प्रमाणपत्रासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन आली. आता तिसरी तारीख मिळाली आहे. या वेळी मी सोबत जातोय.

विहाराच्या गल्लीत डीजे बंद ठेवावा, असा ठराव मी मंडळाच्या बैठकीत मांडला होता. फेटाळला गेला. पुन्हा मांडणार आहे.