महाविद्यालयीन बहुक्रीडापटू (चंद्रपूर–गडचिरोली)

एकाहून अधिक खेळांत महाविद्यालयाचे प्रतिनिधित्व करणारा विद्यार्थी-खेळाडू. या दोन वनजिल्ह्यांतील महाविद्यालये २०११ मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाशी (मुख्यालय गडचिरोली) संलग्न आहेत. त्याआधी ती नागपूर विद्यापीठाकडे होती. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, विद्यापीठाचा संघ, पुढे आंतरविद्यापीठ स्पर्धा असा चढता क्रम असतो. राज्यातील विद्यापीठांचा ‘अश्वमेध’ क्रीडा महोत्सव निराळा. कबड्डी, खो-खो आणि मैदानी खेळ यांची सांगड येथे सहज जमते. खो-खोत खांबाला हात टेकवून क्षणात दिशा बदलणारा खेळाडू शंभर मीटरलाही चपळ सुटतो. बल्लारपूरजवळच्या विसापूर क्रीडा संकुलात डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय शालेय मैदानी स्पर्धा झाल्या, ही या भागासाठी मोठीच गोष्ट.

या कारकिर्दीची खरी कसोटी पदवीनंतर लागते. पोलीस शिपाई भरतीत पुरुषांना १६०० मीटर, महिलांना ८०० मीटर धाव, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. वनरक्षकासाठी अनुक्रमे ५ व ३ किलोमीटर. अनेक खेळांनी घडलेले शरीर येथे कामी येते. शासकीय नोकरीतील ५ टक्के क्रीडा आरक्षणासाठी मात्र वरच्या स्तरावरील प्रावीण्याचे प्रमाणपत्र लागते. म्हणून एका खेळावर वेळीच भर देणे हिताचे.