पलालीचा विमानतळ आणि माजी सैनिकांच्या आठवणी

ज्या युद्धाची आठवण ठेवण्यात कोणालाच विशेष स्वारस्य उरत नाही, त्याचा इतिहास लिहिणे कठीण असते. श्रीलंकेतील भारतीय शांतिसेनेची कामगिरी (१९८७-१९९०) ही अशांपैकीच होय. अकराशेंहून अधिक भारतीय सैनिक तेथे कामी आले. २४ मार्च १९९० रोजी शेवटची तुकडी त्रिंकोमालीहून निघाली, तेव्हा मद्रासला तिच्या स्वागतास तमिळनाडूचे तत्कालीन मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. या मोहिमेचे अधिकृत कागद व अधिकाऱ्यांचे ग्रंथ उपलब्ध आहेत. परंतु साध्या जवानाची आठवण मुख्यतः त्याच्या घरीच राहिली आहे. ती इतिहासाचे साधन म्हणून कशी वाचावी, याचा विचार बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात येथे करावयाचा आहे.

बुलढाणा हा वऱ्हाडातील, समुद्रापासून दूर असलेला जिल्हा. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा इत्यादी तालुके घाटावरचे, तर मलकापूर, नांदुरा, जळगाव जामोद, संग्रामपूर इत्यादी घाटाखालचे. वऱ्हाडातील तरुण ज्या पलटणींत भरती होत आले, त्यांत महार व मराठा या रेजिमेंटांचा निर्देश प्रथम करावा लागतो. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, उभारलेली १११ वी महार पलटण १९२१ मध्ये मोडण्यात आली. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आग्रहाला यश येऊन ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगाव येथे महार रेजिमेंट उभी राहिली. स्वातंत्र्याच्या सुमारास तिच्यात इतर समाजांतील जवानांचीही भरती सुरू झाली. या पूर्वपीठिकेमुळे पलटणीतील नोकरी हा वऱ्हाडातील अनेक घरांच्या दृष्टीने केवळ उपजीविकेचा प्रश्न नव्हता; तो प्रतिष्ठेचाही प्रश्न होता. श्रीलंकेतील मोहिमेविषयी पुढे जे मौन पसरले, ते या घरांना अधिक का जाणवावे, हे यावरून समजू शकते.

२९ जुलै १९८७ रोजी भारत-श्रीलंका करार झाला आणि दुसऱ्याच दिवसापासून ५४ व्या पायदळ डिव्हिजनच्या तुकड्या जाफना द्वीपकल्पात उतरू लागल्या. काही समुद्रमार्गे कांकेसंतुरै बंदरात आल्या, तर काही विमानाने पलाली येथे. जाफना शहराच्या उत्तरेस सुमारे १६ किलोमीटरवर, समुद्रकाठी असलेली ही धावपट्टी दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाने बांधलेली होती. १९८७ मध्ये ती शांतिसेनेचे प्रवेशद्वार झाली. डिव्हिजनचे मुख्यालय तेथेच होते. शिधा व दारूगोळा तेथे उतरे, आणि जखमींना मायदेशी नेणारी विमाने तेथूनच सुटत. प्रारंभीच्या तुकड्यांत ८ महार ही पलटण होती. ऑक्टोबरातील जाफना मोहिमेत १ मराठा लाइट इन्फन्ट्री, म्हणजे जुनी 'जंगी पलटण', हिनेही भाग घेतला.

शांतता राखण्यासाठी आलेले सैन्य दोन-अडीच महिन्यांत लढाईत ओढले गेले. ११-१२ ऑक्टोबरच्या रात्री पलालीहून एमआय-८ हेलिकॉप्टरे जाफना विद्यापीठाच्या मैदानाकडे निघाली. तमिळ वाघांच्या नेत्यांना तेथे पकडावे, असा बेत होता. १० पॅरा कमांडोंचे सुमारे शंभर सैनिक उतरले. १३ शीख लाइट इन्फन्ट्रीच्या ३६० पैकी केवळ ३० जवान उतरू शकले. शत्रूच्या माऱ्याने पुढील फेऱ्या थांबल्या. त्या ३० पैकी २९ जण ठार झाले व एक कैद झाला. कमांडोंच्या सुटकेसाठी रणगाडे रेल्वेच्या रुळांवरून आत न्यावे लागले. पुढे २५ नोव्हेंबरला कंतरोडै येथे ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन, ज्यांचा जन्म मुंबईचा, धारातीर्थी पडले. या मोहिमेतील एकमेव परमवीरचक्र त्यांना मरणोत्तर मिळाले.

या घटनांविषयीचे प्रकाशित आत्मकथन बहुतांशी इंग्रजीत व वरिष्ठ अधिकाऱ्यांचे आहे. ले. जन. एस. सी. सरदेशपांडे यांचे 'असाइनमेंट जाफना' (१९९२) आणि मेजर जनरल हरकिरत सिंग यांचे 'इंटरव्हेन्शन इन श्रीलंका' (२००७) हे त्यांतील प्रमुख ग्रंथ. उच्चायुक्त जे. एन. दीक्षित यांनी 'असाइनमेंट कोलंबो' (१९९८) मध्ये मुत्सद्द्याची बाजू मांडली. निर्णय कोणाचा व चूक कोणाची, या प्रश्नाभोवती हे लेखन स्वाभाविकपणेच फिरते. जवानाचे स्थान निराळे होते. निर्णय त्याच्यापर्यंत हुकूम होऊन येई. विमानतळावरील पहारेकरी, सामान उतरविणारा, जखमींचा स्ट्रेचर धरणारा यांना मोहिमेचा नकाशा दिसत नसे. किती हेलिकॉप्टरे गेली आणि किती परतली, हे मात्र दिसे. म्हणून अशा आठवणींत युद्धनीतीचे उत्तर शोधू नये. युद्धाचा रोजचा व्यवहार, थांबून राहण्याचा काळ, बातमी येण्यापूर्वीची शांतता, यांचे ते साधन आहे.

येथे भाषेचा प्रश्न उपस्थित होतो. जवानाचे पलटणीतील जीवन हिंदीत गेलेले असते, हुकूम व हुद्द्यांचे शब्द इंग्रजीतून आलेले असतात, आणि निवृत्तीनंतर तो आठवण सांगतो ती वऱ्हाडीत, 'मले' आणि 'त्याले' अशा रूपांत. अनुभव व कथन यांच्यामध्ये असे एक भाषांतर घडलेले असते. टिपणकाराने ते प्रमाण मराठीत उतरविले की दुसरे भाषांतर होते आणि महत्त्वाचा पुरावा निसटतो. दोन उदाहरणे पुरेशी होतील. मराठीत श्रोत्याला वगळणारे 'आम्ही' आणि श्रोत्याला सामावून घेणारे 'आपण' असा भेद आहे. निवेदक कोठे 'आम्ही' म्हणतो व कोठे 'आपण', यावरून तो त्या घटनेत गावाला व देशाला सहभागी मानतो की ती केवळ पलटणीची ठेवतो, हे उमगते. दुसरा भेद क्रियापदाचा. 'आम्ही गोळीबार केला' आणि 'गोळीबार झाला' ही दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत. परंतु दुसऱ्यात कर्ता नाहीसा होतो. कर्ता कोठे नाहीसा होतो, तेथे अभ्यासकाने थांबावयास हवे.

हे थांबणे केवळ व्याकरणाचे नाही. २१-२२ ऑक्टोबर १९८७ रोजी जाफनाच्या रुग्णालयात भारतीय सैनिकांच्या गोळीबारात रुग्ण, डॉक्टर, परिचारिका व कर्मचारी असे साठांहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. जाफना विद्यापीठातील अध्यापकांनी लिहिलेल्या 'द ब्रोकन पामायरा' (१९९०) या ग्रंथात त्या काळातील नागरिकांच्या यातनांची नोंद आहे. त्याच्या लेखकांपैकी रजनी तिराणगम यांची सप्टेंबर १९८९ मध्ये हत्या झाली. पलालीच्या परिसरातील तमिळ कुटुंबांनाही शांतिसेना परतल्यानंतरच्या युद्धकाळात, अतिसुरक्षित क्षेत्रामुळे, वर्षानुवर्षे आपल्या गावांपासून दूर राहावे लागले. लक्षणीय गोष्ट ही की, 'आम्ही' व 'आपण' हा भेद तमिळमध्येही 'नांगळ' व 'नाम' या सर्वनामांनी व्यक्त होतो. मराठीतील भेदाचा संबंध काही भाषाशास्त्रज्ञ द्राविडी भाषांच्या सान्निध्याशी जोडतात. दोन्ही बाजूंच्या साक्षी शेजारी ठेवल्यास कोणाच्या 'आपण'मध्ये कोणाला स्थान होते, हे एकाच मापाने तपासता येईल. जवानाचे शौर्य आणि नागरिकाचे दुःख यांपैकी एकाची नोंद करण्यासाठी दुसरे पुसण्याचे कारण नाही.

काळ मात्र फार उरलेला नाही. १९८७ मध्ये विशी-पंचविशीत असलेले जवान आज साठीच्या आसपास किंवा पलीकडे आहेत. कोलंबोजवळ शांतिसेनेच्या हुतात्म्यांचे स्मारक २००८ मध्ये पूर्ण झाले. पलालीचा विमानतळ ऑक्टोबर २०१९ मध्ये जाफना आंतरराष्ट्रीय विमानतळ म्हणून खुला झाला आणि तेथून प्रवासी भारतात ये-जा करू लागले. वास्तू आपला अर्थ असा बदलीत असतात. माणसांच्या आठवणींना ती मुभा नसते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या साहाय्याने, घाटावरील व घाटाखालील गावांतून, निवेदकाच्या संमतीने व त्याच्याच बोलीत ध्वनिमुद्रण करणे, प्रत्येक कथनासोबत त्याची पलटण व तेथील कामाचा काळ नोंदविणे, आणि बोलीतील पाठ प्रमाण भाषांतरापासून वेगळा जतन करणे, हे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांना सहज हाती घेता येण्यासारखे आहे. ते न झाल्यास या युद्धाविषयी निर्णय घेणाऱ्यांचा शब्द राहील. ज्यांनी हुकूम पाळला, त्यांचा राहणार नाही.