औषध देणाऱ्याची नावे : जुन्या जालन्यावरून काही विचार

एखाद्या व्यवसायाचा इतिहास दप्तरांत जितका सापडतो, तितकाच तो लोकांनी त्या व्यवसायास दिलेल्या नावांतही सापडतो. कुंडलिका नदीने नव्या जालन्यापासून विभागलेल्या जुन्या जालन्यात आज औषधे देणाऱ्यास सर्रास ‘मेडिकलवाला’ म्हणतात. हे नाव त्याच्या कार्याशी कितपत जुळते, याचा विचार प्रस्तुत टिपणात करावयाचा आहे.

या परंपरेतील जुने शब्द दोन : ‘गांधी’ व ‘अत्तार’. पहिला संस्कृत ‘गान्धिक’ शब्दावरून आलेला, तर दुसरा अरबी ‘इत्र’शी संबद्ध. दोहोंचे मूळ सुगंधात आहे. कारण सुगंधी द्रव्ये व काष्ठौषधी एकाच दुकानी मिळत. जालना १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते आणि तेथील राजभाषा उर्दू होती. उर्दूत औषध विकणारा तो ‘दवाफरोश’ व तयार करणारा तो ‘दवासाज’. मराठीत ‘दवाखाना’ रुजला. हा भेद मात्र रुजला नाही.

पाश्चात्य वैद्यकाबरोबर ‘कंपौंडर’ आला. डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणे द्रव्ये मोजून, मिसळून, मात्रांच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवलेली बाटली तो रुग्णाच्या हाती देई. शासकीय मराठीने त्यास ‘मिश्रक’ म्हटले. शब्द अचूक होता, कारण मिश्रण हेच त्याचे काम होते.

पुढे चोप्रा समितीच्या १९३१ च्या अहवालाने या व्यवसायाच्या नियमनाचा प्रश्न पुढे आणला. १९४० मध्ये औषधांविषयी व मार्च १९४८ मध्ये औषधव्यवसायाविषयी कायदा झाला. नोंदणीकृत व्यक्तीनेच चिठ्ठीवरील औषध द्यावे, हे दुसऱ्या कायद्याच्या कलम ४२ चे सार होय. वैद्य आपल्या रुग्णास देतो ते औषध तेवढे अपवाद. हा कायदा झाला तेव्हा जालना त्याच्या कक्षेबाहेर होते, हे लक्षात घेणे अवश्य आहे.

दरम्यान मिश्रणाचे काम कारखान्यांकडे गेले. आज शासकीय पदनाम ‘औषध निर्माण अधिकारी’ असे आहे. परंतु त्या पदावरील व्यक्तीच्या वाट्यास निर्माण जवळजवळ उरलेले नाही. २०१५ च्या व्यवसाय-विनियमांनी रुग्णास समुपदेशन करणे, म्हणजे मात्रा, साठवण, दुष्परिणाम व औषधांचा परस्परविरोध समजावून सांगणे, हे त्याचे कर्तव्य ठरविले. पदनाम मागच्या काळाचे, कर्तव्य नव्या काळाचे आणि लोकांच्या तोंडचे नाव केवळ दुकानाचे, अशी ही विसंगती आहे.

ती निव्वळ शाब्दिक नव्हे. दोन गोळ्या एकत्र घ्याव्यात की नाही, हे आपण ‘वाल्या’स विचारीत नाही, त्याच्याकडे आपण फक्त किंमत विचारतो. न विचारलेल्या त्या प्रश्नाची हानी रुग्णासच सोसावी लागते. यावर नवा शब्द घडविणे हा उपाय नव्हे, कारण कोशांतून आलेले शब्द लोकांच्या जिभेवर क्वचितच बसतात. गोळ्यांची पट्टी हाती देताना चार शब्द समजावून सांगण्याची प्रथा एकदा पडली, म्हणजे तिला साजेसे नाव जुन्या जालन्याची बोली स्वतःच शोधील.