कवायत आणि डबलबार

शाळेच्या पटांगणावर रांगेत उभे राहून ‘हात वर, हात बाजूला’ अशा हुकुमांबरोबर अंग हलविणाऱ्या मुलाला आपण एका जुन्या युरोपीय वादाचे वारसदार आहोत, ह्याची कल्पना नसते. बिनवजनाच्या अथवा अल्प साधनांच्या ह्या व्यायामाला इंग्रजीत कॅलिस्थेनिक्स म्हणतात. ग्रीक भाषेतील सौंदर्य आणि बल ह्या अर्थांच्या दोन शब्दांचा तो जोड आहे. मात्र जोडणारे ग्रीक नव्हेत, एकोणिसाव्या शतकातील युरोपीय होत.

वादाचा उगम रणांगणावर आहे. १८०६ साली येना येथे नेपोलियनने प्रशियाच्या सैन्याचा धुव्वा उडविला. ह्या अपमानाची भरपाई तरुणांच्या मनगटांतून व्हावी, असे बर्लिनमधील फ्रीड्रिख लुडविग यान ह्या शिक्षकाने मनावर घेतले. १८११ मध्ये त्याने हासेनहायडे येथे उघड्यावर क्रीडांगण उभारले. तेथे दोर होते, शिड्या होत्या, आडवा दांडा होता आणि दोन समांतर दांड्याही होत्या. आपल्या तालमींतील मंडळी ह्यालाच डबलबार म्हणतात. हुकूम थोडे, धाडस फार, अशी ही पद्धत होती. सर्वांनी जाड्याभरड्या कापडाचा सारखाच पोशाख घालावा आणि एकमेकांना ‘तू’ म्हणावे, असा तेथला दंडक होता. सरदाराच्या मुलाला कारागिराच्या मुलाने अरेतुरे करावे, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती. यानचे राष्ट्रप्रेम मात्र परद्वेषाने कडवट झालेले होते. फ्रेंच आणि ज्यू ह्यांच्याविषयीचे त्याचे उद्गार आज वाचवत नाहीत. आपल्या व्यायामाला त्याने ‘टुर्नेन’ हे नाव अस्सल जर्मन समजून दिले. पण त्याचे मूळ लॅटिन निघाले!

नेपोलियन हरला आणि त्याच तरुणांचे प्रशियाच्या सरकारला भय वाटू लागले. १८१९ मध्ये कोट्झेबू ह्या नाटककाराचा एका विद्यार्थ्याने खून केला, तेव्हा सरकारला निमित्त मिळाले. यानला अटक झाली, क्रीडांगणे बंद पडली. १८२५ मध्ये तो सुटला, परंतु बर्लिनमध्ये राहण्याची त्याला बंदी होती. दांड्याला लोंबकळणे हा राजद्रोह ठरावा, असा तो काळ होता. ही बंदी १८४२ पर्यंत टिकली.

दरम्यान स्वीडनमध्ये पेर हेन्रिक लिंग ह्याने १८१३ साली स्टॉकहोम येथे सरकारी साह्याने व्यायामसंस्था काढली होती. लिंग कवी होता व पट्टेबाजीचा शिक्षक होता. प्रत्येक हालचालीची सुरुवात कोठे, शेवट कोठे, कोणत्या स्नायूसाठी ती करावयाची, हे ठरलेले असावे, असा त्याचा आग्रह होता. म्हणून ह्या पद्धतीत हुकमाला महत्त्व आले. जर्मनीतही आडोल्फ श्पीस ह्याने मोकळ्या हातांचे व्यायाम वर्गाच्या शिस्तीत बसवून मुलींसाठीही योजले. अमेरिकेत कॅथरिन बीचर हिचे शाळा व कुटुंबे ह्यांच्यासाठी लिहिलेले कॅलिस्थेनिक्सचे पुस्तक १८५६ मध्ये निघाले. स्त्रियांनी व्यायाम करणे हेच तेव्हा अनेकांना अशोभनीय वाटे. नावातले ‘सौंदर्य’ ही तेथे एक ढालच होती.

ह्या सौम्य व्यायामात एक साधन हिंदुस्थानातून गेलेले आहे. येथील मुद्गल इंग्रजांनी पाहिले, हलके करून घेतले आणि १८३४ च्या डोनल्ड वॉकरच्या पुस्तकातून ‘इंडियन क्लब’ म्हणून ते इंग्रजी घरांत शिरले. पुढे १९०४ आणि १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये मुद्गल फिरविण्याची स्पर्धाही झाली.

खरी चकमक बर्लिनमध्येच झडली. हूगो रोटश्टाइन हा प्रशियन अधिकारी स्टॉकहोमला शिकून आला आणि १८५१ मध्ये निघालेल्या सरकारी व्यायामसंस्थेचा प्रमुख झाला. डबलबारमुळे छातीवर व खांद्यांवर अयोग्य ताण पडतो, असे म्हणून त्याने तो संस्थेतून काढून टाकला. यानच्या अनुयायांना हा घाव वर्मी लागला. ज्या साधनासाठी त्यांच्या गुरूने तुरुंग भोगला, ते आता वैद्यकाच्या नावाने हद्दपार होत होते. पत्रके निघाली, डॉक्टर डॉक्टरांविरुद्ध उभे राहिले, प्रकरण सरकारदरबारी गेले. विख्यात शरीरशास्त्रज्ञ एमिल द्यु ब्वा-रेमाँ ह्यांनी १८६२ मध्ये डबलबारची बाजू घेतली. फिरखोव ज्या सरकारी वैद्यक मंडळात होते, त्याचा अभिप्रायही तसाच पडला. रोटश्टाइनने १८६३ मध्ये पद सोडले आणि डबलबार परत आला.

स्वीडिश पद्धत मात्र ह्या पराभवाने संपली नाही. लिंगचा पुत्र यालमार ह्याने वयोमानाप्रमाणे व्यायामांचे तक्ते बांधून ती शाळांसाठी सुटसुटीत केली. एका शिक्षकाला साधनांवाचून साठ मुले सांभाळता येतील, असा दुसरा उपाय शाळाखात्यांना तरी कोठे मिळणार होता? पटांगणावर ती राहिली. डबलबार व्यायामशाळेत राहिला.