अंगणातला गड

दिवाळीची सुट्टी लागली की बडोद्यातल्या मराठी घरांच्या अंगणात विटा, दगड, माती जमू लागते. किल्ला करायचा असतो!

या शहराचं मराठीपणही गडावरूनच उतरलं. मराठा सरदार पिलाजीराव गायकवाडांनी आधी सोनगडावर बस्तान बसवलं. १७३४ मध्ये बडोदं कायमचं गायकवाडांकडे आलं.

गोणपाट पातळ चिखलात बुडवून विटांच्या ढिगावर टाकलं की त्याच्या घड्यांच्याच कडेकपारी होतात. ही युक्ती फार सुंदर आहे. वर अळीव पेरायचे, माथ्यावर शिवाजी महाराज, उतारावर मावळे.

इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकातून अशाच खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईचे नियम मांडले, त्यांच्याही रणांगणावर झाडं म्हणून डहाळ्याच होत्या. अंगणातलं अळिवाचं रान मात्र रोज पाणी मागतं आणि भाऊबीजेपर्यंत मावळ्यांच्या कमरेला लागतं.