आवळा, कोहळा आणि विमानाचे मैल

आठवड्याच्या बाजारात भाजी घेतली की भाजीवाली मावशी पिशवीत वर चार मिरच्या आणि कोथिंबिरीच्या दोन काड्या टाकते. त्याचे पैसे ती मागत नाही. पण पुढच्या बाजाराला आपले पाय आपोआप तिच्याच पाटीकडे वळतात. गिऱ्हाईक बांधून ठेवण्याची ही युक्ती बाजाराइतकीच जुनी आहे. मावशी त्या मिरच्यांचा हिशेब ठेवीत नाही, आपणही ठेवीत नाही. पण समजा, कुणी तो ठेवू लागला, वहीत मांडू लागला आणि त्या वहीवर व्यापार उभा राहिला, तर काय होईल? तसे खरेच झाले आहे. विमान कंपन्यांचे ‘मैल’, हॉटेलांचे ‘पॉइंट’ आणि बँकेच्या कार्डावरची बक्षिसे ही त्या चार मिरच्यांचीच वंशावळ आहे. तीच आज पाहू या.

तुम्ही म्हणाल, आमचा प्रवास एस.टी.चा, आम्हांला विमानाच्या मैलांशी काय कर्तव्य? पण आता गुरुजींचा पगार बँकेत जमा होतो आणि तीच बँक त्यांना क्रेडिट कार्ड घेण्याचा आग्रह करते. पुण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्या मुलाच्या खिशात अशी दोन-दोन कार्डे असतात. तेव्हा हा विषय आपल्या उंबऱ्याच्या आत आलेला आहे. मात्र एक खुलासा आधीच करतो. किसान क्रेडिट कार्ड हे पीककर्जाचे साधन आहे. १९९८ साली सुरू झालेली ती योजना निराळी. त्याचा आणि या बक्षिसांच्या कार्डांचा संबंध नाही.

या गोष्टीची सुरुवात अमेरिकेत झाली. १८९६ साली स्पेरी आणि हचिन्सन या दोघांनी एक कंपनी काढली. ही कंपनी हिरवी तिकिटे छापी, टपालाच्या तिकिटांसारखी. दुकानदार ती विकत घेई आणि गिऱ्हाइकाला दर दहा सेंटांच्या खरेदीमागे एक तिकीट फुकट देई. घरची बाई ती तिकिटे वहीत चिकटवी. बाराशे तिकिटांची वही भरली की कंपनीच्या दुकानात जाऊन तिच्या बदल्यात दिवा, भांडे, पांघरूण असे काही घ्यायचे. १९५० ते १९७० या वर्षांत या तिकिटांनी अमेरिकेला अगदी वेड लावले होते.

आता यातली मेख पाहा. गावातल्या एका दुकानदाराने तिकिटे दिली तर त्याचा धंदा वाढतो. पण शेजारच्यानेही दिली, पलीकडच्यानेही दिली, म्हणजे कुणाचाच धंदा वाढत नाही. तिकिटांचा खर्च मात्र सगळ्यांच्याच डोक्यावर बसतो. तो खर्च दुकानदार काही पदरचा भरीत नाही, मालाच्या किमतीत घालतो. म्हणजे गिऱ्हाईक आपल्याच पैशाने आपल्यालाच बक्षीस देते! पुढे १९७० नंतर महागाई भडकली, तेव्हा तिकिटे नकोत, भाव उतरवा, असे लोक म्हणू लागले आणि हिरव्या वह्यांचे दिवस संपत आले.

पण युक्ती मेली नाही. ती जमिनीवरून आकाशात गेली.

१९३८ पासून अमेरिकेत विमानाचे भाडे आणि मार्ग सरकारी मंडळ ठरवीत असे. कंपन्यांची चढाओढ चाले ती फक्त जेवण आणि खातिरदारी यांत. १९७८ साली कायदा होऊन हे बंधन उठले. नव्या कंपन्या आल्या, भाडी कोसळली आणि प्रवासी दोन पैसे जिथे वाचतील तिथे जाऊ लागला. जुन्या कंपन्यांना घोर पडला : हे गिऱ्हाईक टिकवायचे कसे?

अमेरिकन एअरलाइन्सने उत्तर काढले. तिच्याकडे आरक्षणाचा ‘सेबर’ नावाचा संगणक होता. एकच टेलिफोन क्रमांक पुन्हा पुन्हा कुठे येतो, हे त्यातून शोधून कंपनीने आपले नेहमीचे प्रवासी हुडकून काढले. १ मे १९८१ रोजी तिने योजना जाहीर केली : जितके मैल उडाल तितके तुमच्या नावावर जमा, पुरेसे साठले की एक प्रवास फुकट. थोड्याच दिवसांत युनायटेड कंपनीने तसेच केले, आणि त्याच वर्षी इतर मोठ्या कंपन्याही मागोमाग आल्या. १९८३ साली हॉलिडे इन आणि मॅरियट या हॉटेल कंपन्यांनी खोल्यांसाठी हीच वाट धरली.

कंपन्यांना हे परवडले कसे? याचे उत्तर दूधवाल्याला विचारा. आजचे दूध आज खपले नाही तर ते नासते. विमानातले रिकामे आसनही तसेच असते. विमान उडाले की त्याची किंमत शून्य. असे वाया जाणारे आसन मैलांच्या बदल्यात दिले, तर कंपनीला थोडेसे इंधन आणि जेवण एवढाच खर्च येतो. प्रवाशाला मात्र शेकडो डॉलर मिळाल्याचा आनंद होतो. आवळा देऊन कोहळा काढणे म्हणतात ते हेच!

खरा कोहळा पुढेच होता. १९८७ साली सिटी बँक आणि अमेरिकन एअरलाइन्स यांनी मिळून एक कार्ड काढले. त्यावर किराणा घ्या, कपडे घ्या, दर डॉलरमागे एक मैल जमा. म्हणजे आता विमानात न बसताही मैल मिळू लागले. हे मैल बँक विमान कंपनीकडून रोख पैसे देऊन विकत घेते. विमान कंपनीला जणू टाकसाळच लाभली. या टाकसाळीची किंमत २०२० साली जगाला कळली. साथीमुळे विमाने जमिनीवर खिळली, तिकिटे खपेनात. तेव्हा युनायटेडने आपली मैलांची योजना तारण ठेवून ६.८ अब्ज डॉलर उभे केले, डेल्टाने ९ अब्ज, आणि पुढच्या वर्षी अमेरिकन एअरलाइन्सने १० अब्ज. न उडालेल्या मैलांनी उडणाऱ्या विमानांना तगवले!

अर्थात हुशार गिऱ्हाइकेही निघाली. १९९९ साली कॅलिफोर्नियातल्या एका अभियंत्याने वाचले की अमुक कंपनीच्या खाद्यपदार्थांच्या दहा खुणचिठ्ठ्या पाठवल्या तर मैल मिळतात, आणि लवकर पाठवल्या तर दुप्पट, म्हणजे हजार. त्याने शोध घेतला. त्या कंपनीचे पुडिंग, म्हणजे दुधाचा एक गोड पदार्थ, पंचवीस सेंटांना एक वाटी असे मिळत होते. म्हणजे अडीच डॉलरांत हजार मैल! त्याने १२,१५० वाट्या घेतल्या. एवढे खाणार कोण? पुडिंग त्याने एका धर्मादाय संस्थेला दिले आणि चिठ्ठ्या काढायला तिथल्याच लोकांची मदत घेतली. सुमारे ३,१४० डॉलरांत त्याला साडेबारा लाखांवर मैल मिळाले.

दुसरी गोष्ट सरकारी टाकसाळीची. एक डॉलरची नाणी चलनात यावीत म्हणून अमेरिकेच्या टाकसाळीने २००८ पासून ती घरपोच द्यायला सुरुवात केली. पाठवणावळ माफ आणि कार्डावर खरेदी चालेल. काही जणांनी हजारो नाणी कार्डावर मागवली, न फोडता तीच बँकेत भरली आणि त्याच पैशांनी कार्डाचे देणे फेडले. खर्च काही नाही, मैल मात्र फुकट! अखेर २०११ साली टाकसाळीने कार्डावरची विक्री बंद केली.

श्रोतेहो, या गोष्टी ऐकून गंमत वाटते. पण अशी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बाकीच्यांचे काय झाले, तेही पाहू.

पॉइंट म्हणजे पैसा नव्हे. ते एक वचन आहे, आणि वचन देणाराच त्याची किंमत ठरवतो. १९८८ साली अमेरिकन एअरलाइन्सने नियम बदलले आणि ते आधी साठलेल्या मैलांनाही लावले. प्रवासी न्यायालयात गेले. करार मोडल्याबद्दल असा दावा लावता येतो, हे ठरायला १९९५ साल उजाडले आणि सर्वोच्च न्यायालय गाठावे लागले. २०१५ साली डेल्टा आणि युनायटेड यांनी अंतराऐवजी भरलेल्या पैशांवर मैल द्यायला सुरुवात केली. नाव मैलांचे राहिले, मैल मात्र गेले. फुकट तिकिटाला किती मैल लागतील याचा छापील तक्ता असे, तोही बऱ्याच कंपन्यांनी काढून टाकला. ज्या दुकानात भावाची पाटी नाही, तिथे गिऱ्हाइकाने काय हिशेब करावा?

कधी कधी तर दुकानच बसते. ऑस्ट्रेलियातली अँसेट विमान कंपनी २००१ साली बुडाली आणि तिचे पॉइंट मातीमोल झाले. आपल्याकडे किंगफिशरची विमाने २०१२ साली थांबली, मुंबईच्या जेट एअरवेजची २०१९ साली. जेटची मैलांची योजना निराळ्या कंपनीकडे होती म्हणून खाती तगली; पण ज्या विमानांसाठी लोकांनी मैल साठवले, ती विमानेच उरली नाहीत.

लोकांनी आवाज उठवला तर काय होते, हे कॅनडात दिसले. तिथल्या ‘एअर माइल्स’ योजनेने ठरवले की पाच वर्षांहून जुने मैल २०१६ च्या अखेरीस रद्द होतील. लोक संतापले. मुदतीला महिना उरला असताना कंपनीने माघार घेतली, आणि ओंटारिओ प्रांताने तर पॉइंट केवळ जुने झाले म्हणून रद्द करता येणार नाहीत, असा कायदाच केला.

आणखी एक प्रश्न विचारलाच पाहिजे : हे बक्षीस येते कुणाच्या खिशातून? कार्डाने पैसे घेताना दुकानदाराला काही टक्के रक्कम सोडावी लागते, आणि ती शेवटी मालाच्या भावात उतरते. शिवाय जे वेळेवर फेडत नाहीत, त्यांचे व्याज येते. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेतील अर्थतज्ज्ञांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात म्हटले आहे की, या मार्गाने दरवर्षी सुमारे १५ अब्ज डॉलर कमी जाणत्यांकडून अधिक जाणत्या कार्डधारकांकडे जातात. हिशेब न ठेवणारा हिशेब ठेवणाऱ्याचे तिकीट काढून देतो, असे म्हणा ना!

म्हणून हिशेब शिकला पाहिजे. गुरुजींनी वर्गात फळ्यावर मांडावा असा तो सोपा आहे. समजा, एक तिकीट रोख ६,००० रुपयांना मिळते, किंवा १२,००० पॉइंट आणि करापोटी ८०० रुपये देऊन मिळते. म्हणजे पॉइंटांनी वाचवले ५,२०० रुपये. त्याला १२,००० ने भागा. एका पॉइंटची किंमत झाली सुमारे ४३ पैसे. कार्डावर शंभर रुपयांच्या खरेदीमागे दोन पॉइंट मिळत असतील, तर शंभरामागे लाभ ८७ पैशांचा. कार्डाची वार्षिक फी हजार रुपये असेल, तर ती भरून निघायलाच वर्षाला १ लाख १५ हजारांची खरेदी हवी.

आता दुसरी बाजू मांडा. १०,००० रुपयांच्या खरेदीवर पॉइंट मिळाले ८७ रुपयांचे. पण बिल महिनाभर थकले आणि व्याज महिन्याला साडेतीन टक्के असेल, तर व्याज ३५० रुपये. त्यावर कर वेगळा. म्हणजे वर्षभर चार वेळा मिळवलेले एका थकबाकीत गेले. उधारीचे पोते सव्वा हात रिते, ही म्हण आपल्या वाडवडिलांनी उगीच केली नाही.

तेव्हा चार गोष्टी ध्यानात ठेवा. जो खर्च एरवीही करायचाच आहे, तेवढाच कार्डावर करा; पॉइंटांसाठी खरेदी म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. बिल दर महिन्याला पूर्ण भरा. ‘किमान रक्कम’ भरून व्याज टळत नाही. पॉइंट साठवून ठेवू नका. ते काही सोने नव्हे, पडून राहिले की झिजतात. आणि वापरण्याआधी वरच्यासारखा भागाकार करून पाहा. कधी कधी तिकिटापेक्षा रोख सूट घेणेच बरे असते.

आणि एक सावधगिरी. ‘तुमचे पॉइंट आज रात्री रद्द होणार, लगेच ही कळ दाबा’ असे निरोप बँकेच्या नावाने मोबाइलवर येतात. कळ दाबली, सांगितलेले अ‍ॅप घेतले किंवा आलेला ओटीपी सांगितला की खाते रिकामे होते. लबाडांना माणसाची नाडी बरोबर सापडली आहे : फुकटचे जाईल, या धास्तीने माणूस स्वतःचे घालवतो. असा निरोप आला तर कळ दाबू नका, बँकेत जाऊन विचारा. आणि फसगत झालीच तर त्याच घटकेला १९३० या क्रमांकावर कळवा. घरातल्या वडीलधाऱ्यांना हा क्रमांक कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून द्या.

हिरव्या तिकिटांपासून आजच्या कार्डापर्यंत सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली. तिकिटाचा कागद गेला, वही गेली, नियम कितीदा पालटले. एक गोष्ट मात्र तशीच राहिली : आवळा देणारा आपला हिशेब पक्का करूनच आवळा देतो. घेणाऱ्यानेही तो पक्का करावा, एवढेच आजचे सांगणे.