दोन बैलांची मोटार

आमच्या वऱ्हाडात ‘हायब्रीड’ म्हटले की पहिल्याने आठवते ती ज्वारी. १९६४ साली सीएसएच-१ हे संकरित वाण निघाले आणि हा परका शब्द अक्षरशत्रू शेतकऱ्याच्याही तोंडी बसला. आता तोच शब्द मोटारीच्या पाठीवर वाचून दाखविला, तेव्हा धारणीच्या बाजारात एका म्हाताऱ्याने मला विचारले, “गुर्जी, आता मोटारीबी पेराले लागले का?”

थट्टा सोडा, पण ही मोटार नव्या युगाची आहे, हा समज मात्र खोटा. तिचा जन्म व्हिएन्नाचा, आणि साल १९००. लुडविग लोनर या गाड्या बांधणाऱ्या कारखानदाराकडे फर्डिनांड पोर्शे नावाचा पंचविशीतला तरुण कामाला होता. त्याने चाकांतच विजेच्या मोटारी बसविलेली गाडी केली व ती पॅरिसच्या प्रदर्शनात झळकली. पण तिच्या शिशाच्या बॅटरीचे ओझे चारशे किलोंवर! गाडीने माणसे वाहावी की बॅटरी? पोर्शेने मग बॅटरी लहान केली आणि दोन पेट्रोल इंजिने गाडीवर चढविली. त्या इंजिनांचा चाकांशी संबंध नव्हता. त्यांनी फक्त डायनामो फिरवून वीज करायची. गाडीचे नाव त्याने लॅटिनमध्ये ठेवले, ‘सेम्पर व्हिव्हस’, म्हणजे सदा जिवंत.

नाव असे, पण नशीब तसे नव्हे. ही गाडी महाग. तिकडे अमेरिकेत १९०८ साली फोर्डची स्वस्त मोटार निघाली, १९१२ साली कॅडिलॅकने हँडल मारण्याचा त्रास संपविला, आणि पेट्रोल तर पाण्यासारखे. काटकसरीची गरजच कोणाला उरली नाही. स्वस्ताईने बुद्धीला ऐंशी-नव्वद वर्षे झोपविले, असे मला वाटते. जाग आली ती जपानात. डिसेंबर १९९७ मध्ये टोयोटाने ‘प्रियस’ विकायला काढली.

तिचे गणित परतवाडा-सेमाडोह-हरिसाल-धारणी या आपल्या रस्त्यावर मांडून पाहा. पेट्रोल इंजिनाचा स्वभाव असा, की ठराविक ओझ्यावर ते चोख काम करते. रांगताना आणि उभे असताना मात्र फुकट खाते. म्हणून परतवाड्याच्या गर्दीतून गाडी हलते ती बॅटरीवर. सपाटीला वेग आला की इंजिन जागे होते, चाके ओढते आणि उरलेल्या जोराने बॅटरीही भरते. घाटाच्या चढणीला दोघेही जुंपले जातात. मुंबईहून येताना कसाऱ्याला गाडीच्या मागे जादा इंजिने लागतात ना, तसे. खरी गंमत उतारावर. इंजिन निजते, आणि जी विजेची मोटार चाके फिरवीत होती तिलाच आता चाके फिरवितात. ती डायनामो बनते. एरवी ब्रेकच्या उष्णतेत जळून जाणारा जोर बॅटरीत परत येतो. आजची विजेची रेल्वे इंजिनेही घाट उतरताना वीज अशीच तारेत परत सोडतात.

कोणी केव्हा ओढायचे हे ठरविणारा एक छोटा संगणक असतो. तो बॅटरी कधी काठोकाठ भरू देत नाही की तळाला जाऊ देत नाही; दोन्हींनी तिचे आयुष्य घटते. शहाणा गाडीवान बैलाला पोटभर चारून लगेच जुंपत नाही, त्यातलाच हा प्रकार. हिला बाहेरून वीज भरावी लागत नाही, पेट्रोल पुरते. रात्री दिवे कधी जातील याचा नेम नसलेल्या गावाला हा गुण मोठा वाटावा.

महाराष्ट्रानेही हात लावून पाहिला. २०१० साली पुण्याच्या केपीआयटी कंपनीने भारत फोर्जच्या साथीने ‘रेव्होलो’ पुढे आणली: वापरातल्या पेट्रोल मोटारीलाच बॅटरी व विजेची मोटार जोडायची. गरिबाला परवडेल असा मार्ग होता तो. पण बाजारात रुजला नाही, याची मला अजून हळहळ वाटते. २०१८ साली टाटा मोटर्सने मुंबईच्या प्राधिकरणाला अशा २५ बसगाड्या दिल्या. थांबत-चालत जाणाऱ्या बसला हे तंत्र सर्वांत मानवते. मग आमच्या घाटातल्या लाल गाडीला ते का मानवू नये? दर वळणावर तिचा ब्रेक करकरतो, आणि तेवढे डिझेल नुसते तापून हवेत जाते.